वासोटा एका दिवसात: एकाहत्तर वर्षांच्या आईला शिवसागर जलाशय गडावरून दाखवता येईल का?

पाटीपेन्सिल

सर्वांना नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात आम्ही घरचे चौघे सातारा जिल्ह्यातल्या वासोटा गडावर जाण्याचा विचार करत आहोत. मी, पत्नी, आठवीत शिकणारी मुलगी आणि माझी आई. राहायला पुण्यात आहोत. मी आणि पत्नीने सिंहगड, लोहगड, राजगड असे नेहमीचे गड केले आहेत आणि मुलगी सिंहगड पायथ्यापासून दोनदा चढली आहे. आईचे वय मात्र एकाहत्तर असून उजव्या गुडघ्याची तक्रार चार-पाच वर्षांपासून आहे. सपाटीवर ती तासभर न थांबता चालते, पण जिना उतरताना कठड्याला धरल्याशिवाय पाऊल टाकत नाही.

वासोटाच का, असे कोणीही विचारेल. आईचे आजोळ कोयनेच्या खोऱ्यात होते. 1962 च्या सुमारास धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली, तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. आजोळची मंडळी भांडीकुंडी आणि देव घेऊन तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात गेली आणि त्यानंतर तिकडे पुन्हा कोणाचे जाणे झाले नाही. गावाच्या जागी आता शिवसागर जलाशय आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आजोबा तिला ज्या डोंगराकडे बोट दाखवून 'तो वासोटा' म्हणत, तेथून ते पाणी एकदा पाहावे अशी तिची इच्छा आहे आणि ती तिने आजवर दोनदाच, तेही सहज बोलल्यासारखी, बोलून दाखवली आहे.

माझे प्रश्न असे आहेत. पुण्याहून पहाटे निघून रात्रीपर्यंत परत येणे शक्य आहे, की आदल्या दिवशी तिकडे मुक्काम करणे शहाणपणाचे ठरेल? जलाशयाकाठच्या बामणोलीहून सुटणारी बोट आणि वनखात्याची परवानगी यांत प्रत्यक्षात किती वेळ जातो? गडावरून जलाशय नक्की कोठून दिसतो? कारण जी छायाचित्रे मी पाहिली, त्यांत कडे आणि जंगलच अधिक आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आईला वर नेण्याचा विचार मी मुळातच करावा का? उत्तर 'नाही' असले तरी कृपया स्पष्ट लिहावे.

डोंगरयात्री

नमस्कार पाटीपेन्सिल. मी वासोट्याला चार वेळा गेलो असून त्यांपैकी एकदा गड न पाहता परतलो आहे, म्हणून वेळेच्या प्रश्नाचे उत्तर अधिकाराने देऊ शकतो.

या गडाची चढाई अवघड नाही. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 1171 मीटर आहे आणि जलाशय भरलेला असताना पाण्याची पातळी साडेसहाशे मीटरच्या थोडी वर असते. म्हणजे बोटीतून उतरल्यावर चढायचे ते जेमतेम पाचशे मीटर, साधारण सिंहगडाएवढेच. नेहमी चालणारा माणूस दीड ते दोन तासांत वर पोहोचतो आणि मुलांना घेऊन गेल्यास अडीच तास धरावेत. अवघड आहे ते दिवसाचे गणित. गड कोयना अभयारण्यात आहे आणि हे अभयारण्य 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, त्यामुळे गडावर मुक्काम करता येत नाही आणि अंधार पडण्यापूर्वी बोट परत लागली पाहिजे. पायथ्याला जाण्यासाठी सरळ गाडीरस्ता नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंचा जलप्रवास, परवानगी, चढ, उतार आणि जेवण हे सगळे सकाळ ते सूर्यास्त यांच्यामध्ये बसवावे लागते, आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो हे आपण जाणताच.

पुणे ते सातारा हे अंतर सुमारे एकशे दहा किलोमीटर आहे आणि साताऱ्याहून यवतेश्वर, कास यांवरून बामणोली आणखी पस्तीस-छत्तीस किलोमीटर भरते. हा दुसरा टप्पा घाटाचा आणि अरुंद रस्त्याचा असल्यामुळे त्याला सव्वा तास लागतो. मुक्काम न करता जायचे असेल तर घर पहाटे साडेचारला सोडावे लागेल, आणि तरीही साडेआठ वाजतील. बामणोलीत वनखात्याच्या कार्यालयात नावे, वये आणि ओळखपत्रे देऊन प्रवेशशुल्क भरावे लागते. बोट मात्र माणशी मिळत नाही, संपूर्ण बोट ठरवावी लागते, मग तुम्ही चौघे असा की दहा. एकटादुकटा माणूस धक्क्यावर उभा राहून दुसऱ्या गटाची वाट पाहतो तो यामुळेच. आधारकार्डांच्या छायाप्रती घरूनच न्या, कारण तेथे छायाप्रतीचे दुकान शोधण्यात वेळ गेलेले लोक मी पाहिले आहेत.

आता माझी फसलेली खेप सांगतो. जानेवारीतला रविवार होता. साताऱ्यात मिसळ खाऊ, असे कोणीतरी म्हणाले, मिसळीनंतर कंदी पेढे घेऊ, असे दुसरा म्हणाला, आणि पेढ्यांच्या दुकानातून बाहेर पडलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. बामणोलीत रांगेत उभे राहून बोट सुटली ती साडेअकराला. पायथ्याच्या चौकीवर पोहोचेपर्यंत एक वाजला होता. बोटवाल्याने शांतपणे सांगितले की चारला बोट सुटेल, तुम्ही कोठेही असा. आम्ही चढायला लागलो आणि नागेश्वरच्या गुहेची वाट जेथे फुटते तेथपर्यंत जाऊन, घड्याळाकडे पाहून, मागे वळलो. तेव्हा बोटवाल्याचा राग आला होता. परतीच्या प्रवासात पाण्यावर अंधार कसा झटकन उतरतो ते पाहिले आणि राग गेला. पेढे मात्र चांगले होते.

म्हणून माझा सल्ला असा, की आदल्या संध्याकाळी कास किंवा बामणोली परिसरात पोहोचून मुक्काम करावा आणि शक्य असल्यास शनिवार-रविवारऐवजी मधला वार निवडावा. परवानगी आणि बोट सकाळी पहिल्या तासाभरात मिळाली की बाकीचा दिवस आपोआप सुटतो.

सोळशीकाठ

मी मूळचा जावळी तालुक्यातला असून नोकरीनिमित्त बाहेर असतो, पण दरवर्षी एकदोनदा तरी या पाण्यावर जातो. डोंगरयात्री यांनी वेळेचे सांगितले ते योग्यच आहे. मी जलाशयाविषयी लिहितो, कारण पाटीपेन्सिल यांच्या प्रश्नातला तो भाग बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

वासोट्यावर गेलेले दहांपैकी आठ जण बाबूकडा पाहतात आणि परततात. बाबूकडा अप्रतिम आहे, यात वाद नाही. नालेच्या आकाराचा तो कडा आणि समोर जुन्या वासोट्याचा डोंगर पाहून माणूस गप्प होतो. परंतु तो भाग कोकणाच्या अंगाचा आहे. तेथे उभे राहून आपण शिवसागराकडे पाठ केलेली असते. तुम्ही पाहिलेल्या छायाचित्रांत पाणी का नाही, याचे उत्तर हेच आहे.

गडाचे पडके दरवाजे ओलांडून वर आलो की छप्पर नसलेले मारुतीचे मंदिर लागते आणि तेथून वाटा फुटतात. डाव्या हाताची वाट जोडटाक्यांवरून बाबूकड्याकडे जाते. उजव्या हाताची वाट महादेवाच्या मंदिराकडे आणि तेथून पुढे गडाच्या माचीवर जाते. या माचीला 'काळकाईचे ठाणे' म्हणतात. जलाशय पाहायचा तो येथून. खाली दाट जंगलाची घडी, तिच्यापलीकडे डोंगरांच्या बोटांमधून आत शिरलेले निळे पाणी आणि हवा स्वच्छ असेल तर चकदेव, महिपतगड, सुमारगड, रसाळगड एवढे सगळे दिसते. वेळ कमी पडला तर बाबूकडा सोडावा, पण माची सोडू नये, असे मी तुमच्या बाबतीत म्हणेन. इतर कोणाला हा सल्ला देणार नाही.

आता ऋतूविषयी. पावसाळ्यात गड बंद असतो. पावसाळा संपून वाट खुली झाल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत पाणी काठोकाठ असते, रान हिरवे असते, पण वाट निसरडी असते आणि जळवाही भेटतात. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी आणि नजर लांबपर्यंत पोहोचणारी असते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून धुरकट होऊ लागते आणि पाणीही उतरू लागते. पाणी उतरले की बोट पूर्वीच्या जागी लागत नाही. ती अलीकडेच थांबते आणि भेगाळलेल्या गाळावरून, मोकळ्या दगडांवरून चालत काठावर चढावे लागते. मे महिन्यात हे चालणे चांगलेच वाढते. आईंच्या गुडघ्याचा विचार करता हा मुद्दा गडाच्या चढाएवढाच महत्त्वाचा आहे.

मात्र यात एक पेच आहे आणि तो तुम्हाला सांगितला पाहिजे. भरलेला जलाशय वरून सुंदर दिसतो, पण त्या सौंदर्यात गावे दिसत नाहीत. कोयनेची साठवणक्षमता 105 टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) अधिक आहे. डिसेंबरात ते पाणी डोंगराच्या कंबरेपर्यंत असते आणि त्याखाली काय होते याची खूणही वर उरत नाही. उलट उन्हाळ्याच्या अखेरीस, विशेषतः पाऊस कमी झालेल्या वर्षी, काठाकाठाने जुन्या शेतांचे बांध, एखाद्या घराचे जोते, विहिरीचे कडे असे काही काही उघडे पडते. आमच्या घरातली म्हातारी माणसे मे महिन्यात मुद्दाम काठावर जात आणि 'हा अमक्याचा मळा' असे सांगत. तेव्हा आईंना पाणी पाहायचे आहे, की पाण्याखालचे गाव, हे त्यांनाच एकदा विचारावे. पहिले असेल तर डिसेंबर उत्तम. दुसरे असेल तर गडाची गरजच नाही. मे महिन्यात एक बोट करावी आणि त्यांच्या गावाची जागा ठाऊक असलेला वयस्कर बोटवाला शोधावा.

बिनघाईचा प्रवासी

मी निवृत्त आहे, वय सदुसष्ट, दोन्ही गुडघ्यांनी कधीच निवृत्ती घेतलेली आहे. तीन वर्षांपूर्वी मुलगा आणि सून यांच्यासोबत वासोट्याला गेलो होतो, म्हणून मातोश्रींच्या प्रश्नावर मला बोलू द्यावे.

त्यांना वर नेऊ नये. आपण स्पष्ट उत्तर मागितले आहे, म्हणून प्रस्तावना न करता लिहितो. चढताना त्या कदाचित पोहोचतीलही. रानातली वाट सावलीची आहे, माणूस थांबत थांबत चढतो आणि उत्साहाने वेळ निघून जाते. खरी कसोटी उताराची आहे. गड उतरताना वाट मोठमोठ्या दगडांची, झाडांच्या मुळांची आणि कोरड्या पाचोळ्याची आहे. तो पाचोळा दिसायला मऊ आणि पायाखाली साबणासारखा असतो, आणि तेथे कठडा नाही. जिना उतरताना ज्यांना आधार लागतो, त्यांना दीड-दोन तास सलग उतरायला लावणे म्हणजे गुडघ्याला पुढचा महिनाभर घरी बसवणे. शिवाय मध्येच पाय आखडला तर तेथे डोली नाही, घोडा नाही, वाहन नाही, मोबाइलला रेंज नाही. वरून माणसाला उचलून खाली आणायचे आणि मग तास-सव्वा तास बोटीने बामणोलीला न्यायचे, एवढाच मार्ग आहे.

मी स्वतः काय केले ते सांगतो. मेट इंदवलीला, म्हणजे पायथ्याला, मी मंडळींबरोबर बोटीतून उतरलो. चौकीवर नोंद झाली. तेथे प्लास्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या मोजून अनामत रक्कम घेतात आणि परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की परत देतात. ही पद्धत मला फार आवडली. आमच्या सूनबाईंच्या पिशवीतून बिस्किटांचे सात पुडे निघाले आणि तेवढे सगळे मोजले गेले, याची आमच्या घरात अजून आठवण निघते. चौकीपासून थोडे आत ओढा आहे आणि ओढ्याकाठी मारुती आणि गणपती यांच्या मूर्ती आहेत. तेथपर्यंतची वाट मला काठीच्या आधाराने जमली. मंडळी वर गेली, मी तेथे थोडा वेळ बसलो आणि मग पुन्हा चौकीपाशी येऊन थांबलो. बरोबर एक पुस्तक नेले होते, त्याची दोन पाने वाचली असतील. एक शेकरू समोरच्या झाडावर या फांदीवरून त्या फांदीवर असे काही काम करत होते की पुस्तकाकडे लक्ष लागेना. शेपटीचे टोक पिवळट पांढरे आणि पाठ तांबूस. शाळेत 'राज्यप्राणी' म्हणून पाठ केले होते, पाहिले मात्र त्या दिवशी.

तरीही पाच-सहा तास एकट्या व्यक्तीने तेथे थांबणे कंटाळवाणे आहे, आणि जंगल असल्यामुळे चौकीपासून लांब जाऊन बसणे योग्यही नाही. या रानात गवे आहेत, अस्वले आहेत. मातोश्रींसोबत घरचे एक माणूस थांबणार असेल तरच हा मार्ग स्वीकारावा.

डोंगरयात्री

बिनघाईचा प्रवासी यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त एक पर्याय सुचवतो. जलाशय वरून पाहण्यासाठी गडच चढला पाहिजे असे नाही. कास तलाव मागे टाकून रस्ता बामणोलीकडे उतरू लागला की घाटाच्या वळणांवरून शिवसागराचे पाणी दिसू लागते. गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन, दहा पावलेही न चालता, आईंना ते वरून दाखवता येईल. सकाळच्या वेळी पाण्यावर धुके असते आणि उन्हे वर आली की ते डोंगराच्या खाचांमध्ये सरकत जाते. मी गडावरून पाहिलेल्या दृश्यापेक्षा हे कमी प्रतीचे आहे असे मला मनापासून वाटत नाही. मुक्काम कास परिसरात असेल तर ही जागा अर्ध्या तासाच्या आत येते.

मुलीसाठी एक सूचना. सिंहगडाचा सराव आहेच, पण वासोट्याच्या आठवडाभर आधी तिकोना करून घ्यावा. पवनेचे पाणी वरून दिसते, शेवटच्या उभ्या पायऱ्यांवर उतरण्याचा सराव होतो आणि पुण्याहून अर्ध्या दिवसात परत येता येते. बूट नवे घेणार असाल तर त्यांची पहिली चालही तेथेच होऊ द्या, वासोट्यावर नको.

कोरडा शिधा

जेवण आणि पाणी यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. पायथ्याला आणि गडावर खाण्याचे काहीही मिळत नाही. चहाची टपरीसुद्धा नाही, आणि तेच या गडाचे भाग्य आहे. पायथ्याचा ओढा सोडला की वर टाक्यांपर्यंत वाटेत पाणी नाही, म्हणून माणशी तीन लिटर पाणी न्यावे आणि ते शक्यतो स्टीलच्या किंवा जाड बाटल्यांत न्यावे, म्हणजे चौकीवरची मोजणी लवकर आटपते. दुपारसाठी धपाटे, दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे असे कोरडे जेवण न्यावे. वर वाऱ्यात बसून डबे उघडणे आणि रस्सा सांभाळणे नको. परतल्यावरचे जेवण मात्र सकाळी बोटीत बसण्यापूर्वीच बामणोलीत सांगून ठेवावे. संध्याकाळी येऊन सांगितल्यास चूल पेटण्यापासून वाट पाहावी लागते. आधी सांगितले तर भाकरी, पिठले, ठेचा आणि खाणाऱ्यांसाठी जलाशयातले ताजे मासे तयार असतात.

बोटीत लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, बंद बांधून असले पाहिजे. ते बाकाखाली ठेवलेले असते आणि लोक त्यावर पाय ठेवून बसतात. आपण मागितले तर कोणी नाही म्हणत नाही, फक्त मागावे लागते. सकाळी पाण्यावरचा वारा बोचरा असतो. आईंसाठी शाल आणि कानटोपी न विसरता घ्यावी, कारण इंजिनाच्या आवाजात आणि त्या वाऱ्यात सव्वा तास बसणे हेही एक काम आहे.

पाटीपेन्सिल

सर्वांचे मनापासून आभार. इतके नेमके मार्गदर्शन मिळेल असे वाटले नव्हते. सोळशीकाठ यांनी सुचवल्याप्रमाणे मी काल रात्री जेवताना आईला सरळ विचारले, की तुला पाणी पाहायचे आहे की गावाची जागा. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, गाव मला आठवत नाही रे, घर आठवते, आणि घरामागचा फणस आठवतो. फणस पाण्याखाली कुजला असेल, तो पाहून काय करू. आजोबा अंगणात उभे राहून ज्या डोंगराकडे बोट दाखवत तो डोंगर समोरून पाहायचा आहे. मी इतकी वर्षे उलटेच समजत होतो. तिला वासोट्यावरून पाणी पाहायचे नव्हते, पाण्यावरून वासोटा पाहायचा होता.

त्यामुळे बेत आता बराच सोपा झाला आहे, पण तो बरोबर बसतो का ते कृपया तपासावे. डिसेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी पुणे सोडून कास परिसरात मुक्काम. शुक्रवारी पहाटे घाटाच्या वळणावर थांबून आईला पाणी वरून दाखवायचे आणि कार्यालय उघडण्याच्या वेळेस बामणोलीत हजर राहायचे. बोटीने चौघांनीही मेट इंदवलीपर्यंत जायचे. तेथून मी आणि मुलगी गडावर जाऊ, आधी काळकाईचे ठाणे आणि वेळ उरला तरच बाबूकडा. पत्नी आईसोबत खालीच थांबेल. गड तिने पूर्वी पाहिलेला असल्यामुळे तिची हरकत नाही, उलट शेकरूच्या लोभाने ती खूश आहे. दुपारी दोनला आम्ही वर कोठेही असलो तरी उतरायला लागू आणि चारला बोट.

दोन शंका उरल्या आहेत. चौघांसाठी संपूर्ण बोट करणे परवडते, पण दुसरा गट आमच्यात सामील झाला तर वेळेचा घोळ होईल का? आणि बोटीतून वासोट्याचा डोंगर ओळखता यावा यासाठी कोणत्या बाजूला बसावे?

सोळशीकाठ

आईंचे उत्तर वाचून मीच थोडा वेळ थांबलो. बेत उत्तम आहे.

पहिल्या शंकेविषयी. शक्य असेल तर चौघांचीच बोट करावी. दुसरा गट तरुण असेल तर तो बाबूकड्यावर रमतो आणि तुम्ही चारला काठावर येऊन पाचपर्यंत त्यांची वाट पाहता. दुसरा गट संथ असेल तरीही तेच. आईंना घेऊन संध्याकाळच्या गारठ्यात वाट पाहणे टाळलेले बरे. ठरवतानाच परतीची वेळ आणि बोट दिवसभर पायथ्याशी थांबणार की फेरी मारून परत येणार, हे बोटवाल्याला विचारून घ्यावे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण जलाशय सरळ नाही. बोट डोंगरांच्या सोंडांना वळसे घालत जाते, त्यामुळे जो डोंगर आता उजवीकडे आहे तो थोड्या वेळाने समोर येतो. बाजू धरून बसण्यापेक्षा आईंना पुढच्या बाकावर, बोटवाल्याच्या हाकेच्या अंतरावर बसवावे आणि निघतानाच त्याला सांगून ठेवावे की वासोटा प्रथम दिसू लागेल तेव्हा दाखव. दिसल्यावर क्षणभर इंजिन मंद करायला सांगावे. आवाज कमी झाला की बोलता येते, आणि त्यांना आजोबांचे काही आठवले तर ते तुम्हाला ऐकू येईल. ही माणसे हे आनंदाने करतात. त्यांच्यातल्या अनेकांची घरेही याच पाण्याखाली गेलेली आहेत, त्यामुळे आईंच्या गावाचे नाव त्यांना जरूर सांगावे. ते गाव कोणत्या सोंडेखाली होते हे ठाऊक असलेला माणूस धक्क्यावर बहुधा निघतोच.

बिनघाईचा प्रवासी

एक किरकोळ सूचना राहिली. पायथ्याला बोटीतून उतरताना फळी असेलच असे नाही. काठावरच्या दगडावर पाय टाकावा लागतो आणि बोट हलत असते. मातोश्रींना उतरवताना आपण आधी खाली उतरून समोरून हात द्यावा आणि सूनबाईंनी मागून आधार द्यावा. चढताना याच्या उलट. काठी आधी खाली टाकावी, हातात ठेवू नये. मी ती हातात ठेवली होती आणि ती दोन दगडांच्या फटीत अडकली. भिजलो फक्त गुडघ्यापर्यंत, पण ऊन येईपर्यंत चौकीबाहेर मोजे वाळत घालून बसलो होतो.